शेवटची बरोबर ओळ

मी शिक्षकी पेशात आलो तेव्हा माझ्या गुरुजींनी बाजूला घेऊन सांगितलं होतं, पोरगा वही घेऊन आला की आधी त्याची चूक शोधू नको, त्याची शेवटची बरोबर ओळ शोध. तिथे बोट ठेव आणि विचार, इथून पुढे काय केलंस? बुलढाणा जिल्ह्यात भौतिकशास्त्र शिकवण्यात माझं सगळं आयुष्य गेलं आणि या एका सांगण्यावर मी वर्ग चालवले. आता माझे काही विद्यार्थी मोठ्या संस्थांत संशोधन करतात आणि तिथून ऑनलाइन अभ्यासक्रमांचे टीए, म्हणजे अध्यापन सहायक, म्हणून काम पाहतात. इकडे मेहकर, लोणार, संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खेड्यांतली पोरं-पोरी त्याच अभ्यासक्रमांना नावं नोंदवतात. दोन्हीकडून मला फोन येतात आणि दोघांचं दुखणं एकच असतं. विचारणाऱ्याला कुठे अडलं ते सांगता येत नाही आणि सांगणाऱ्याला ते दिसत नाही. म्हणून गुरुजींचा कानमंत्र तुम्हा दोघांसाठी लिहून ठेवतो आहे.

आधी या अभ्यासक्रमांचा वेग समजून घ्या. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था मिळून चालवतात तो एनपीटीईएल हा उपक्रम २००३ साली सुरू झाला, २०१४ पासून त्यात प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम आले आणि २०१७ पासून ते ज्यावर चालतात तो सरकारचा ‘स्वयम्’ मंच उभा राहिला. अभ्यासक्रम ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. बारा आठवड्यांचा म्हणजे साधारण ३० तासांचे व्हिडिओ, आठवड्याला अडीच तास. ऐकायला हे थोडं वाटतं. पण कॉलेजात फळ्यावर तासभर चालणारी सिद्धता व्हिडिओत वीस मिनिटांत संपते, कारण तिथे शिक्षक फळा पुसायला थांबत नाही, मागच्या बाकावरून कुणी खोकत नाही आणि ‘सर, परत एकदा’ असं कुणी म्हणत नाही. त्या अडीच तासांना तुमचे स्वतःचे सहा-सात तास जोडले तरच तो आठवडा तुमचा होतो. पेरणीत तिफणीची एक नळी बुजली तर पेरणाऱ्याला त्या क्षणी कळत नाही, आठ दिवसांनी कोंब वर आले की रिकामी ओळ दिसते. तुमच्या तिसऱ्या आठवड्यातलं अडलेलं सहाव्या आठवड्यात दिसणार आहे. तेव्हा दर आठवड्याला नळी तपासायची.

ती कशी? व्हिडिओ पाहून झाला की मोबाईल पालथा ठेवा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. आकृती, सूत्र, सूत्रातल्या प्रत्येक अक्षराचा अर्थ. जिथे हात थांबेल तिथे एक रेघ ओढा. मग फक्त तेवढाच भाग पुन्हा पाहा. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ साली हे तपासून दाखवलं. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहिणारा गट पुढे गेला. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते. व्हिडिओ दीडपट वेगाने तीनदा पाहणाऱ्या पोरांना मी हेच सांगत असतो, की एकदाच पाहा, पण साध्या वेगाने आणि हातात पेन घेऊन.

आता विचारायचं कसं, ते पाहू. आपल्याकडच्या पोरांचा ठरलेला निरोप असतो: ‘सर, चौथा प्रश्न समजून नाही राह्यला.’ पलीकडे चेन्नईत किंवा मुंबईत बसलेल्या टीएने यातून काय घ्यावं? प्रश्नाची भाषा कळली नाही, आकृती जमली नाही, सूत्र सापडलं नाही की आकडेमोड चुकली? तो बिचारा संपूर्ण उत्तर लिहून पाठवतो. तुम्ही ते उतरवून घेता आणि पाचव्या प्रश्नाला पुन्हा तिथेच येता.

त्याऐवजी वहीचं पान पाठवा. पान उजेडात ठेवून वरून सरळ फोटो काढा, सावली पडू देऊ नका. जिथपर्यंत खात्री आहे त्या ओळीखाली रेघ मारा. त्याखाली तुमचा प्रयत्न राहू द्या, खोडू नका. खोडलेलं पान टीएच्या काही उपयोगाचं नाही, कारण तुमचा विचार कुठे वळला ते त्या खोडलेल्या भागातच असतं. आणि खाली एक वाक्य लिहा: ‘इथपर्यंत आलो, पुढे मला असं वाटतं की अमुक, पण उत्तर जुळत नाही.’ मराठीत लिहा, वऱ्हाडीत लिहा, जमेल तसं लिहा. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकून अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तकं हातात आलेली तुमची पिढी शंका विचारायलाच लाजते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. शंका चुकीच्या इंग्रजीत अडकून राहण्यापेक्षा बरोबर मराठीत बाहेर आलेली चांगली. तांत्रिक शब्द तेवढे अभ्यासक्रमातले वापरा, म्हणजे समोरच्याला शोधावं लागणार नाही. वहीच्या मागच्या पानांवर त्वरण, संवेग, घर्षण गुणांक यांच्यासमोर त्यांचे इंग्रजी शब्द लिहीत गेलात की महिन्याभरात तो अडसर जातो.

एक नमुना देतो. उतारावर ठोकळा ठेवला आहे, घर्षण गुणांक दिला आहे, ठोकळा किती त्वरणाने घसरेल ते काढा. राजूर घाट उतरणारी एसटी रोज पाहणाऱ्या पोराला यातला उतार समजावून सांगावा लागत नाही. त्याचं पान येतं. आकृती बरोबर. वजन सरळ खाली दाखवलं आहे, बरोबर. वजनाचा उताराच्या दिशेचा भाग एमजी साइन थीटा, बरोबर. पुढची ओळ: अभिलंब बल बरोबर एमजी. इथे घसरला. सपाट टेबलावर वर्षभर गणितं केलेल्या हाताने सवयीने लिहिलेली ती ओळ आहे. घर्षण जास्त आलं आणि त्वरण कमी.

टीए झालेल्या माझ्या पोरांनो, पोरींनो, इथे तुमचं खरं काम सुरू होतं. ‘एमजी नाही, एमजी कॉस थीटा घे’ असं लिहिणं सगळ्यात सोपं. अर्ध्या मिनिटाचं काम, पोरगं खूश, तुमच्या यादीतला एक निरोप कमी. पण तुम्ही त्याला फक्त या उतारावरचं उत्तर दिलंत. पुढच्या आठवड्यात वळणावर झुकवलेला रस्ता येईल, तिथे तो पुन्हा सवयीने काहीतरी लिहील. शेवटच्या बरोबर ओळीवर बोट ठेवा आणि लिहा: ‘तू वजनाचे भाग पाडलेस ते अगदी बरोबर. उताराच्या दिशेचा भाग वापरलास. दुसरा भाग कुठे गेला? ठोकळा कोणत्या दिशेला अजिबात हलत नाही? त्या दिशेची सगळी बलं मांडून पाहा.’ दोन प्रश्न, एक सूचना. दहापैकी बहुतेक पोरं एवढ्यावर स्वतः पोहोचतात, आणि स्वतः पोहोचलेलं विसरत नाहीत.

बरोबर होतं ते आधी बोलून दाखवा, हे मी मुद्दाम सांगतो. यात गोड बोलण्याचा हेतू नाही. दूर बसलेल्या विद्यार्थ्याला आपलं काय बरोबर आहे हे खरोखरच माहीत नसतं. उत्तर जुळलं नाही की तो पहिल्या ओळीपासून सगळं चूक समजतो, आकृतीसकट फाडून टाकतो. त्याच्या पायाखाली कुठवर जमीन आहे ते कळलं तर पुढचं पाऊल टाकायची हिंमत येते.

‘हे तर सोपं आहे’ हे वाक्य तुमच्या बोटांतून कधीही उतरू नये. ‘व्हिडिओत सांगितलंय, नीट पाहा’ हेही नको. पाहायला सांगायचंच असेल तर कोणता व्हिडिओ, कितवं मिनिट ते लिहा. एकाच जागी चौघं अडले तर चार वेगळी उत्तरं देत बसू नका. तिथे बहुधा व्हिडिओतलीच एखादी पायरी उडी मारून गेलेली असते. ती पायरी कागदावर सावकाश लिहून, फोटो काढून सगळ्यांना पाठवा. एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला येत नसेल तर ‘उद्या संध्याकाळपर्यंत पाहून सांगतो’ असं लिहा आणि उद्या संध्याकाळी खरंच सांगा. विद्यार्थ्याचा विश्वास तुमच्या पदवीपेक्षा या वेळ पाळण्यावर जास्त बसतो.

थेट वर्ग घेता तेव्हाही हेच. प्रधानमंत्री संशोधन छात्रवृत्ती मिळालेले संशोधक एनपीटीईएलच्या कितीतरी अभ्यासक्रमांसाठी दर आठवड्याला थेट गणितं सोडवून दाखवतात. चांगला उपक्रम आहे. पण पडद्यावर भराभर दहा गणितं सोडवण्यापेक्षा तीनच घ्या. पहिलं तुम्ही सोडवा, दुसरं अर्धवट सोडून पोरांना पुढची एक ओळ लिहायला सांगा, तिसरं पूर्ण त्यांना द्या आणि सात-आठ मिनिटं गप्प बसा. ती शांतता शिक्षकाला फार जड जाते. तोंड उघडू नका. ‘कुणाला शंका आहे का?’ असं विचारलंत तर कुणीच बोलणार नाही. ‘दुसऱ्या ओळीत तुम्ही कोणतं चिन्ह घेतलं, अधिक की उणे, लिहा’ असं विचारा. पन्नास उत्तरं येतील आणि निम्म्यांचं चिन्ह चुकलेलं दिसेल. कुणाचं नाव न घेता त्या चुकीवर बोला. आणि पोरं तुम्हाला सर, मॅडम म्हणत राहतील, त्यांना सांगा की दादा म्हणा, ताई म्हणा. तुमच्यात वयाचं अंतर चार-पाच वर्षांचं आहे, मोठ्या भावंडाला विचारायला त्यांची जीभ लवकर सुटते.

आता आपल्या जिल्ह्याचं वेळापत्रक. अभ्यासक्रम वर्षातून दोनदा येतात, जुलैपासून आणि जानेवारीपासून. जुलैचा सुरू होतो तेव्हा शेतात डवरणी, निंदण चालू असतं. मध्येच पोळा आणि गणपती. शेवटचे आठवडे आले की सोयाबीनची सोंगणी, मग कपाशीची वेचणी सुरू, आणि त्याच सुमारास विद्यापीठाच्या परीक्षा. जानेवारीच्या अभ्यासक्रमात हरभरा आणि गहू निघतो, शेगावचा प्रगटदिन येतो, होळीला सैलानीची यात्रा, नंतर लग्नसराई आणि एप्रिलचं ऊन. घरच्या कामाला नाही म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. म्हणून नाव नोंदवलंत त्याच दिवशी भिंतीवर कॅलेंडर लावा, सगळ्या असाइनमेंटच्या तारखा लिहा आणि त्यासमोर घरची कामं लिहा. सोंगणीचा आठवडा ज्या असाइनमेंटवर पडतो ती आधीच्या रविवारी उरकायची. शिवाय बारापैकी उत्तम आठ असाइनमेंटचेच गुण धरले जातात (आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सहा, चारच्या अभ्यासक्रमात तीन). ही सवलत सोंगणीसाठी, आजारपणासाठी जपून ठेवा, पहिल्याच महिन्यात आळसात खर्च करू नका.

असाइनमेंट रात्री ११:५९ ला बंद होते. लाइन साडेअकराला जाते, हे कुणी तुम्हाला सांगायला नको. शेवटचा दिवस म्हणजे आदला दिवस, असं धरून चाला. व्हिडिओ पहाटे किंवा कॉलेजच्या वायफायवर उतरवून घ्या, कमी दर्जाचे चालतात. फळ्यावरची अक्षरं वाचता आली की पुरे. एनपीटीईएलच्या बऱ्याच व्हिडिओंची लेखी प्रतही मिळते. मोबाईलच्या पाच इंची पडद्यावर डोळे फोडण्यापेक्षा कॉलेजजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून तेवढी पानं काढून घेतलेली स्वस्त पडतात.

एक गोष्ट मात्र आईबापांना उद्देशून लिहितो, कारण ती पोरीला स्वतःला बोलता येत नाही. घरात मोबाईल एक असतो आणि तो भावाकडे असतो. पोरगी अभ्यासाला बसली की चार वेळा स्वयंपाकघरातून हाक येते. वर्गात बसलेल्या मुलीला कुणी हाक मारत नाही, कारण ती शाळेत गेलेली दिसते. ऑनलाइन शिकणारी घरातच दिसते, म्हणून ती रिकामी वाटते. रोज संध्याकाळचे दोन तास तिचे आहेत, मोबाईल तिचा आहे, हे घरात सगळ्यांसमोर एकदा ठरवून टाका. जिजाऊंचं सिंदखेड राजा आपल्याच जिल्ह्यात आहे, १२ जानेवारीला आपण तिथे डोकं टेकवायला जातो. पोरीला दोन तास देणं आपल्याला जड जाऊ नये. टीए असाल तर मुलींना शंका विचारण्यासाठी खाजगी निरोपाची वाट मोकळी ठेवा, उत्तर मात्र नाव वगळून गटात द्या. सगळ्यांना उपयोग होतो आणि तिच्यावर कुणाचा डोळा राहत नाही.

विज्ञान हाताने शिकायचं असतं, आणि ऑनलाइन अभ्यासक्रमात हातच रिकामे राहतात. २०१२ साली अमेरिकेतल्या एमआयटीने विद्युत परिपथांचा पहिला खुला ऑनलाइन अभ्यासक्रम चालवला. दीड लाखाहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं, सात हजारांच्या थोडे वर उत्तीर्ण झाले. पैकीच्या पैकी गुण मिळवलेल्या थोड्या जणांत मंगोलियाच्या उलानबातरमधला पंधरा वर्षांचा बट्टुशिग होता. त्याचं खूप कौतुक झालं. मला त्यातला कमी सांगितला जाणारा भाग महत्त्वाचा वाटतो. त्याच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी अमेरिकेतल्या एका संशोधक विद्यार्थ्याला बोलावून घेतलं होतं, आणि तो खरी उपकरणं घेऊन काही आठवडे त्या पोरांसोबत बसला होता. पडद्यावर पाहिलेलं त्यांनी टेबलावर करून पाहिलं.

आपल्याकडे उपकरणं थोडी असतील, पण काहीच नाही असं नाही. एक मीटर दोरी, तिला बांधलेला एक नट आणि मोबाईलमधलं घड्याळ. लहान झोका द्या, वीस दोलनांचा वेळ मोजा. चाळीस सेकंदांच्या आसपास येतो, त्यावरून गुरुत्व त्वरण काढा. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने केलेलं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप मोबाईलमधल्या संवेदकांवरून त्वरण, आवाज, चुंबकीय क्षेत्र मोजू देतं. हळदीत बुडवून वाळवलेला कागद आम्लारीला लाल होतो. धुण्याच्या सोड्यावर आणि खायच्या सोड्यावर तो वेगळा का वागतो, हे पाहून मग पीएचचा व्हिडिओ पाहा.

टीएंना इथे मी माझ्या वर्गात कधीच करता आला नसता असा प्रयोग सुचवतो. माझे सगळे विद्यार्थी एकाच खोलीत, एकाच उंचीवर बसलेले असायचे. तुमचे विखुरलेले आहेत. आपला जिल्हा घाटावर आणि घाटाखाली असा वाटलेला आहे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर, मलकापूर, नांदुरा खाली पूर्णेच्या खोऱ्यात अडीचशेच्या आसपास. एका संध्याकाळी सगळ्यांना पाणी उकळून तापमान घ्यायला सांगा. बुलढाण्याच्या पोराचा थर्मामीटर ९८ च्या जवळ थांबेल, मलकापूरचा ९९ च्या वर जाईल, मुंबईची मैत्रीण १०० सांगेल, आणि गटात कुणी चिखलदऱ्याचं असेल तर ते ९६ च्या आसपास सांगेल. घाटावरच्या पोराला आधी वाटेल आपला थर्मामीटर खराब आहे. वाटू द्या. मग सगळे आकडे आणि सगळ्यांच्या गावांची उंची एका तक्त्यात मांडून त्यांनाच आलेख काढायला लावा. हवेचा दाब आणि उत्कलनबिंदू यांचा संबंध त्या दिवशी पुस्तकातून बाहेर येईल. दोन सूचना मात्र आधी द्या. प्रयोगशाळेचा ११० अंशांपर्यंतचा थर्मामीटरच वापरायचा, ताप मोजायचा उकळत्या पाण्यात फुटतो. आणि नळी भांड्याच्या तळाला टेकवायची नाही. खारपाणपट्ट्यातल्या पोराने बोअरचं पाणी घेतलं आणि त्याचा आकडा किंचित वेगळा आला, तर त्याला चूक म्हणू नका, त्याच्याकडून दुसऱ्यांदा पिण्याच्या पाण्यावर मोजून घ्या.

उत्तर आलं की ते आपल्या मातीवर ठेवून पाहायचं, हीसुद्धा गुरुजींचीच सवय. लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काठाचा परीघ काढायला दिला आणि एका पोराचं उत्तर ५६ किलोमीटर आलं, तर त्याला सूत्र विचारू नका. ‘काठाने एक फेरी मारायला सकाळ पुरेल की दोन दिवस लागतील?’ एवढंच विचारा. दशांश चिन्ह कुठे घसरलं ते तो स्वतः शोधेल.

लोणारचाच आणखी एक धडा टीएंनी लक्षात ठेवावा. एक विद्यार्थिनी विचारते, विवराचं वय एका ठिकाणी सुमारे ५२ हजार वर्षं दिलंय, दुसरीकडे पाच लाख सत्तर हजार. बरोबर कोणतं? घाईत ‘दुसरं बरोबर’ लिहून मोकळे होऊ नका. पहिला आकडा उष्णतेने चमकणाऱ्या खनिजांच्या पद्धतीने आलेला, दुसरा २०११ साली आरगॉन वायूच्या समस्थानिकांवरून काढलेला. प्रत्येक पद्धत दगडातलं वेगळं घड्याळ वाचते, आणि आघाताच्या उष्णतेने ते घड्याळ पूर्ण शून्यावर आलं होतं का, यावर वाद होतो. ‘हा आकडा कुणी, कशाने मोजला?’ हा प्रश्न विचारायची सवय तिला लागली, तर अभ्यासक्रमाचे कष्ट वसूल झाले.

२०२० च्या जून महिन्यात, टाळेबंदीत सगळी पोरं घरात मोबाईलवर शिकत असताना, लोणारचं पाणी गुलाबी झालं. व्हॉट्सॲपवर नाही नाही ते अर्थ फिरले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं की अति खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तो रंग आला. त्यांनी काय पाहिलं होतं? नमुना स्थिर ठेवला, जीव तळाशी बसले आणि वरचं पाणी स्वच्छ दिसू लागलं. म्हणजे रंग पाण्याचा नव्हता, पाण्यातल्या जिवांचा होता. किती साधं निरीक्षण. टीएने उत्तर देताना नुसतं ‘सूक्ष्मजीवांमुळे’ लिहून थांबू नये. कशावरून कळलं, ती एक ओळ जोडावी. विद्यार्थ्याच्या वहीत ती ओळच पुढे टिकते.

आता नकलेबद्दल. असाइनमेंटची तयार उत्तरं टेलिग्रामवर फिरतात, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. आता तर प्रश्नाचा फोटो काढला की यंत्र पूर्ण उत्तर लिहून देतं. हिशेब समजून घ्या. असाइनमेंटला २५ गुण, परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३०, दोन्ही लागतात. परीक्षा केंद्रावर जाऊन, ओळखपत्र दाखवून द्यायची आहे, तिथे टेलिग्राम येत नाही. पंचवीसपैकी पंचवीस उसने मिळवलेला पोरगा तिथे कोऱ्या पानासमोर बसतो. यंत्राला विचारायचंच असेल तर तुमची शेवटची बरोबर ओळ त्याला द्या आणि फक्त पुढच्या पायरीचा इशारा मागा. मग त्याचा इशाराही तपासा, कारण ते चुकीची गोष्टही त्याच ठाम सुरात सांगतं. २०२१ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे श्रेयांक ‘स्वयम्’वरून घ्यायची मुभा दिली आहे. म्हणजे हे गुण आता तुमच्या पदवीच्या कागदावर बसू शकतात. ज्यांनी खरे मिळवले त्यांच्या शेजारी.

एकट्याने अभ्यास करू नका. गावात त्याच अभ्यासक्रमाचं दुसरं कुणी नसेल तर तालुक्यात शोधा. शनिवारी तिघं-चौघं एकत्र बसा, ग्रंथालयात, कॉलेजात, कुठेही. प्रत्येकाने आपापला हात थांबलेला कागद आणायचा. दुसऱ्याच्या कागदावर शेवटची बरोबर ओळ शोधायची. हे काम टीएचं असलं तरी तुम्हीही करू शकता, आणि दुसऱ्याचं पान वाचता येऊ लागलं की स्वतःचं पानही वाचता येतं.

टीएंनो, स्वतःलाही सांभाळा. तुमचा स्वतःचा प्रबंध आहे, प्रयोग आहेत. रात्री दोन वाजता आलेल्या निरोपाला दोन वाजताच उत्तर देऊ नका, नाहीतर सगळ्या वर्गाला तीच सवय लागते. दिवसातून दोन वेळा ठरवा, सकाळी एकदा, रात्री जेवणाआधी एकदा, आणि ते सगळ्यांना पहिल्याच दिवशी कळवा. मुदतीच्या आदल्या दिवशी तेवढा एक तास जास्त बसा, कारण त्या दिवशी पूर येतो.

आणि एक वही ठेवा, कागदाची किंवा संगणकावरची. कोणत्या आठवड्यात, कोणत्या प्रश्नावर, कोणत्या ओळीनंतर किती जण अडकले, आणि कोणत्या इशाऱ्याने सुटले, एवढेच रकाने. अभ्यासक्रम संपला की ती वही प्राध्यापकांना दाखवा. तिसऱ्या आठवड्यात शंभरातले साठ जण एकाच पायरीवर थांबले असतील तर तो व्हिडिओ पुन्हा करायला हवा, आणि हे प्राध्यापकांना तुमच्याशिवाय कुणीही सांगू शकत नाही. त्यानंतर ती वही पुढच्या वर्षीच्या टीएच्या हाती द्या.